वाळू थांबली, वण वाढत राहिला: तुर्कस्तानातल्या जीन्स-कामगारांचं प्रकरण

तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी २००७ साली १४५ माणसांच्या छातीचे एक्स-रे तपासले. सगळे पुरुष, बहुतेक विशीतले, आणि सगळेच जीन्सवर वाळूचा फवारा मारायचं काम सोडून आलेले. त्यांतल्या ७७ जणांना सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने फुप्फुसांत वण धरण्याचा आजार, निघाला. खाणीत उभा जन्म काढलेल्या म्हाताऱ्या मजुराच्या एक्स-रेवर दिसायचं ते इथे तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरांच्या छातीत दिसत होतं.

हा आकडा धक्कादायक आहेच, पण खरा पेच पुढे आहे. चार वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच गटाचा पुन्हा माग काढला गेला. नऊ जण तोवर वारले होते आणि मृत्यूच्या वेळी त्यांचं सरासरी वय होतं २४. हयात असलेल्यांपैकी ७४ जणांची फेरतपासणी झाली. या ७४ जणांत २००७ साली आजाराचं प्रमाण ५५.४ टक्के होतं, ते आता ९५.९ टक्क्यांवर गेलं होतं. टक्केवारीपेक्षा माणसं मोजलेली बरी: पहिल्या खेपेला ३३ जणांचे एक्स-रे स्वच्छ होते, दुसऱ्या खेपेला फक्त तिघांचे.

काम तर २००७ च्या आधीच सुटलं होतं. मग या तीस जणांच्या फुप्फुसांत चार वर्षं काय चाललं होतं? या लेखात मला तेवढ्याच प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे, कारण त्याचं उत्तर धुळीत कमी आणि पेशींत जास्त सापडतं.

आधी काम काय होतं ते पाहू. नवी कोरी जीन्स वापरून विटल्यासारखी दिसावी, मांडीवर आणि गुडघ्यावर पांढुरकी पडावी, ही फॅशन. त्यासाठीचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे काँप्रेसरच्या दाबाने पाइपमधून वाळू सोडायची आणि कापडावरचा निळा रंग खरवडून काढायचा. इस्तंबूलमध्ये अशी कामं छोट्या, बऱ्याचदा नोंदणी नसलेल्या वर्कशॉपांत चालत. बंदिस्त खोली, हातात पाइप, समोर पँट, तोंडाला पातळ कापडी मास्क. खाली सांडलेली वाळू झाडून गोळा करायची आणि पुन्हा यंत्रात भरायची. पूर्वेकडच्या गरीब प्रांतांतून, विशेषतः बिंगोलसारख्या भागातून, गावचेच नातेवाईक एकमेकांना बोलावून घेत. त्यामुळे पुढे आजारही गावच्या गावं धरून आला. बिंगोलमधलं ताशलिचाय हे खेडं त्याचमुळे तिकडच्या बातम्यांत गाजलं. अनेक पोरं वर्कशॉपमध्येच झोपत. आजार कोणाला जास्त होतो हे संशोधकांनी तपासलं तेव्हा कामाच्या जागीच झोपणं हा एक ठळक धोका म्हणून पुढे आला, आणि त्यात नवल काही नाही. फवारा बंद झाला तरी बारीक धूळ तासन् तास हवेत तरंगत राहते आणि झोपलेला माणूस रात्रभर तीच श्वासावाटे ओढत असतो.

बारीक म्हणजे किती, हे इथे महत्त्वाचं आहे. डोळ्यांना दिसणारी वाळू फुप्फुसात जातच नाही. ती नाकात, घशात अडकते, शिंकेतून आणि कफातून बाहेर पडते. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर घात करणारे कण एक-दोन मायक्रॉनचे असतात. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला सूक्ष्म रोमकं असतात, ती कफाचा थर सतत वर ढकलत असतात आणि त्यात चिकटलेली धूळही वर येते. पण टोकाच्या वायुकोशांत रोमकं नसतात. तिथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो, आणि रोमकांसारखी यंत्रणा तिथे परवडणारी नाही. एवढ्या खोल पोचलेल्या कणाची विल्हेवाट लावायचं काम एकाच पेशीकडे असतं, ती म्हणजे मॅक्रोफेज, आपल्या पाठ्यपुस्तकांतली भक्षक पेशी.

वाळूच्या फवाऱ्यात आणखी एक दुष्टपणा आहे. कापडावर आपटून वाळूचे दाणे फुटतात आणि नवे, ताजे पृष्ठभाग उघडे पडतात. ताज्या फुटलेल्या क्वार्ट्झवर, म्हणजे वाळूतल्या मुख्य खनिजावर, तुटलेल्या रासायनिक बंधांची टोकं, म्हणजे मुक्त मूलकं, असतात; ती काही काळाने निवतात. समुद्रकाठी वर्षानुवर्षं पडून राहिलेली वाळू आणि नुकतीच फुटलेली वाळू रासायनिक सूत्रात एकच असली तरी पेशीच्या दृष्टीने एक नाही. ताजी भुकटी जास्त विषारी असते, हे १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दाखवलं गेलं आहे. दगड फोडणं, बोगद्यात कोरडं ड्रिलिंग करणं आणि वाळूचा फवारा मारणं ही कामं इतक्या लवकर माणूस संपवतात, त्यामागे हे एक कारण आहे.

आता मॅक्रोफेजकडे येऊ. पंधरा-वीस मायक्रॉनची ही पेशी वायुकोशाच्या भिंतीवर फिरत असते. कण लागला की तिच्या पृष्ठभागावरचे ग्राही, त्यांत मार्को नावाचा एक प्रमुख, त्याला पकडतात. पेशीचं आवरण कणाभोवती वळतं आणि कण एका पिशवीत बंद होतो. मग ही पिशवी लायसोसोमशी जोडली जाते. लायसोसोममध्ये आम्ल आणि पाचक विकरं असतात. जिवाणू असता तर तो इथे विरघळला असता. क्वार्ट्झ विरघळत नाही.

विरघळत नाही एवढ्यावरच भागलं असतं तर आजार झाला नसता. धुळीच्या रोगांबद्दल एक जुनी समजूत होती, आणि ती अजूनही ऐकू येते: दगडाचे कण टोकदार असतात, ते फुप्फुसाला कापतात, म्हणून जखमा होतात. १९६६ साली ॲलिसन, हॅरिंग्टन आणि बर्बेक यांनी प्रयोगशाळेत मॅक्रोफेजना वेगवेगळे कण खायला घातले. त्यांत सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचं बनलेलं असतं ते रसायन, होतीच, शिवाय हिऱ्याची पूडही होती. हिरा क्वार्ट्झपेक्षा कितीतरी कठीण, पण हिऱ्याची पूड पोटात घेऊन पेशी सुखरूप राहिल्या. सिलिका खाल्लेल्या पेशींत मात्र कणाभोवतीची पिशवी फुटली, विकरं पेशीच्या अंतर्भागात सांडली आणि पेशी मेल्या. सिलिकेच्या कणांना ॲल्युमिनियमचा लेप दिला की हा परिणाम कमी होत होता. धार तीच, पृष्ठभाग बदलला, आणि विष उतरलं! माझ्या मते या विषयातला इतका स्वच्छ प्रयोग दुसरा नाही. सिलिकेच्या पृष्ठभागावरचे सिलॅनॉल गट, म्हणजे सिलिकॉनला जोडलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, पिशवीच्या पडद्यातल्या स्निग्ध रेणूंना धरतात आणि पडदा विस्कटतो, असं आता मानलं जातं. २०२० साली तर यातले कोणते सिलॅनॉल नेमके घातक, इथपर्यंत शोध पोचला: एकमेकांशी नीट जुळवून न घेतलेले, बरेचसे मोकळे असलेले.

पिशवी फुटल्यावर पेशी नुसती मरत नाही, मरण्याआधी ओरडते. लायसोसोममधून सांडलेलं कॅथेप्सिन-बी हे विकर आणि इतर काही संकेत मिळून एनएलआरपी-३ इन्फ्लमॅसोम नावाची प्रथिनांची जुळणी सुरू करतात. ती कॅस्पेज-१ ला जागं करते, आणि कॅस्पेज-१ इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह भडकवणारं प्रथिन कापून कामाला लावतं. हा दुवा २००८ साली एकाहून अधिक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी उलगडला. ज्या उंदरांत एनएलआरपी-३ नव्हतं, त्यांच्यात सिलिका देऊनही दाह आणि वण कमी दिसले. त्याआधी, १९९० मध्ये, टीएनएफ या दुसऱ्या संकेतरेणूला प्रतिपिंडांनी अडवलं की सिलिकेमुळे येणारी तंतुता, म्हणजे वण धरणं, उंदरांत टळते, हेही दिसलं होतं. म्हणजे वण घालण्याचा हुकूम सुटतो तो पेशींकडूनच.

इथे मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर हाती येतं. मॅक्रोफेज मेली की तिने गिळलेला कण मोकळा होतो. त्याचं काहीच बिघडलेलं नसतं. तिच्या संकेतांमुळे रक्तातून नव्या मोनोसाइट पेशी धावून येतात, त्यांच्या मॅक्रोफेज होतात, आणि त्यांतली एखादी तोच कण गिळते. पुन्हा पिशवी, पुन्हा फूट, पुन्हा संकेत. एकाच कणाने किती पेशी मारायच्या याला मर्यादा नाही, कारण या व्यवहारात कण खर्चच होत नाही. काही मॅक्रोफेज कण घेऊन लसिकाग्रंथींपर्यंत जातात, आणि हा निचऱ्याचा मार्ग असला तरी तिथेही तेच घडतं. म्हणून सिलिकोसिसमध्ये फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी सुजतात, वणावतात, कधी त्यांच्या कडेने चुना साठतो. ग्रंथी आणि लसिकावाहिन्या अशा तुंबल्या की उरलेल्या धुळीचा निचरा आणखी मंदावतो.

काम सोडलेल्या पोराच्या छातीत चार वर्षं हेच सुरू होतं. बाहेरची वाळू बंद झाली, पण आत गेलेली वाळू हातोहात फिरत राहिली.

उरलेलं अर्धं उत्तर फायब्रोब्लास्टमध्ये आहे. जखम भरून काढणारी ही पेशी. कोलॅजेन, म्हणजे वण ज्याचा बनतो ते तंतुमय प्रथिन, विणणं हे तिचं काम. १९६७ साली हेपलस्टन आणि स्टाइल्स यांनी सिलिका खाल्लेल्या मॅक्रोफेजमधून मिळालेला द्रव फायब्रोब्लास्टना दिला, तेव्हा त्या जास्त कोलॅजेन बनवू लागल्या. त्या द्रवात नेमकं काय होतं हे कळायला पुढची काही दशकं गेली. आज त्यातल्या संकेतरेणूंची मुख्य नावं टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ अशी सांगता येतात. टीजीएफ-बीटा मिळाल्यावर फायब्रोब्लास्टचं मायोफायब्रोब्लास्ट होतं: तिच्यात स्नायूंत असतात तसे ॲक्टिनचे तंतू येतात, ती आजूबाजूचं जाळं खेचते, आवळते, आणि कोलॅजेन ओतत राहते. साध्या जखमेत काम संपलं की या पेशी आत्मनाशाने निघून जातात. इथे दाहाचे संकेत थांबतच नाहीत, म्हणून त्या मुक्कामाला राहतात.

शिवाय कडक झालेली ऊती स्वतःच एक संकेत असते. मायोफायब्रोब्लास्ट जाळं ताणते, त्या ताणाने जाळ्यात सुप्तावस्थेत बांधून ठेवलेलं टीजीएफ-बीटा सुटं होतं, आणि ते आणखी मायोफायब्रोब्लास्ट घडवतं. ही साखळी एकदा पुरेशी पुढे गेली की तिला ताज्या धुळीची गरज उरत नाही. ॲस्बेस्टॉसवर उंदरांत झालेल्या २०२० मधल्या एका अभ्यासात तर दिसलं, की वण असलेल्या जागेभोवतीच रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज आणि फायब्रोब्लास्ट एकमेकींना जगवणारे संकेत देत बसलेल्या असतात. सिलिका आणि ॲस्बेस्टॉस हे खनिज वेगळे, वणाचा आकारही वेगळा, पण ही संगनमताची रीत बरीचशी सारखी असावी.

सूक्ष्मदर्शकाखाली या सगळ्याचा हिशेब एका गाठीत दिसतो. सिलिकोसिसची गाठ काही मिलिमीटरची, गोल, करकरीत. मध्यभागी जवळजवळ पेशी नसलेलं, काचेसारखं गुलाबी कोलॅजेन, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं एकाभोवती एक गुंडाळलेलं. कडेने मॅक्रोफेज आणि लिंफोसाइट यांची गर्दी. ध्रुवीकृत प्रकाश टाकला तर गाठीच्या आत बारीक ठिपके मिणमिणतात. ते खनिजाचे कण. बघण्यासारखी गोष्ट ही, की मध्यभागी सगळं शांत आणि हालचाल कडेला. गाठ कडेकडेने वाढते, शेजारच्या गाठीला मिळते, आणि अशा अनेक गाठी एकवटून मोठा गोळा झाला की त्याला प्रोग्रेसिव्ह मॅसिव्ह फायब्रोसिस म्हणतात. या टप्प्यावर फुप्फुसाचा वरचा भाग आकसतो, श्वासनलिका ओढल्या जातात, आणि माणसाला अंगात शर्ट घालतानाही धाप लागते.

मात्रा फारच मोठी असेल तर गाठी बनायलाही वेळ मिळत नाही. तेव्हा वायुकोशांतल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी, ज्या एरवी फुप्फुस मिटू नये म्हणून साबणासारखा द्रव स्रवतात, त्या बेसुमार वाढतात, आणि तो द्रव उचलायच्या कामावरच्या मॅक्रोफेज आधीच मेलेल्या किंवा लंगड्या झालेल्या असतात. वायुकोश त्या द्रवाने भरून जातात. हा तीव्र प्रकार महिन्यांत जीव घेतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट बोगद्यात १९३०-३१ मध्ये शेकडो मजूर असेच गेले.

मॅक्रोफेजचा असा घाऊक संहार झाल्यावर क्षयाचे जिवाणू आले तर त्यांना अडवायचं कोणी? सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयरोगाचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो त्याचं मूळ इथेच आहे. गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की एक्स-रेवर दोन्ही आजार वरच्याच भागात दिसतात, त्यामुळे धूळ खाल्लेल्या मजुराला थुंकीत काही न सापडताही टीबीची औषधं सुरू होणं ही बऱ्याच देशांतली नेहमीची गोष्ट. आपल्याकडच्या खडी-क्रशरवरच्या आणि दगडखाणीतल्या मजुरांना हे सांगायला नको. तुम्ही काम काय करता, हा एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं.

उपचारांचा इतिहास वाचला की पेशींचं हे गणित किती हट्टी आहे ते कळतं. ॲल्युमिनियमच्या लेपाची कल्पना कागदावर चोख होती, आणि मॅक्रोफेजवर ती पारखली जाण्याच्या कितीतरी आधी कॅनडातल्या ऑन्टारियोत ती थेट माणसांवर वापरली गेली. १९४३ ते १९७९ या काळात तिथल्या खाणकामगारांना पाळीवर जाण्याआधी बंद खोलीत ॲल्युमिनियमची भुकटी हुंगायला लावत, मॅकइंटायर पावडर तिचं नाव. सिलिकोसिस त्याने टळला याचा पुरावा मिळाला नाही. मात्र २०२० मधल्या अभ्यासात या कामगारांत पार्किन्सनचा आजार जास्त आढळला. पिशवीचा पडदा वाचवणारं पॉलिव्हिनिलपिरिडिन-एन-ऑक्साइड हे रसायन जर्मनीत आणि चीनमध्ये पारखलं गेलं. त्याच्या स्वतःच्या विषारीपणाची शंका आड आली. पूर्ण फुप्फुस सलाइनने धुऊन काढलं की काही धूळ आणि पेशी निघतात, पण गाठीत बसलेला कण जागचा हलत नाही. निन्टेडॅनिबसारखी औषधं फायब्रोब्लास्टला मिळणारे वाढीचे संकेत अडवतात आणि वाढत्या तंतुतेचा वेग कमी करतात. झालेला वण ती पुसत नाहीत. शेवटचा उपाय फुप्फुस बदलणं, आणि तो किती जणांच्या नशिबी असणार!

म्हणूनच या प्रकरणात कायद्याला झालेला उशीर जास्त खुपतो. ब्रिटनने १९४९ सालच्या नियमांनी फवाऱ्यासाठी सिलिकायुक्त वाळू वापरायला बंदी घातली होती. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९७४ मध्ये तशीच शिफारस केली. तुर्कस्तानात जीन्सच्या कामात वाळूवर बंदी आली मार्च २००९ मध्ये, तीही २००५ पासून विशीच्या आतले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले जाऊ लागल्यावर, आणि आजारी कामगारांनी स्वतः रस्त्यावर येऊन आवाज उठवल्यावर. २०१० मध्ये लिव्हायज आणि एच अँड एम यांनी वाळूचा फवारा वापरणार नसल्याचं जाहीर केलं. काम बंद पडलं नाही, ते बांगलादेश आणि चीनकडे सरकलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या कारखान्यांवरचे अहवाल आले.

भरपाईचा प्रश्न तर सरळ नोंदीवर अडला. व्यावसायिक आजाराची पेन्शन मागायची तर अमुक ठिकाणी काम केल्याचा पुरावा लागतो, आणि ही पोरं विम्याविना, नोंदीविना राबलेली. वर्कशॉप बंद झालेलं, मालकाचा पत्ता नाही. २०११ मध्ये तुर्कस्तानला या कामगारांसाठी कायद्यात खास तरतूद करावी लागली. त्यातही अपंगत्वाच्या टक्केवारीवर हक्क ठरायचा, आणि वर पाहिलं तसं ही टक्केवारी एका जागी थांबत नाही. आज एक्स-रे स्वच्छ असलेल्या माणसाला दाखला देऊन मोकळं करणं म्हणजे त्या ३३ जणांसारख्याला घरी पाठवणं.

भारतीय वाचकाला यात एक ओळखीची गोष्ट सापडेल. आपल्या कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४१-सी मध्ये घातक पदार्थांशी संबंध येणाऱ्या कामगाराची तपासणी काम करत असताना तर सांगितलीच होती, पण ते काम सोडल्यानंतरही, बारा महिन्यांपेक्षा जास्त अंतर न ठेवता, ती करत राहावी असं लिहिलं होतं. पेशींचा स्वभाव ओळखून लिहिल्यासारखं कलम. अट एवढीच, की माणसाचं नाव आधी कुठल्यातरी हजेरीपटावर असायला हवं.